संगणकाची कोणती भाषा बाजारात चालते, आणि का?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या गादीवर एक प्रश्न हटकून येतो. मुलाला कॉम्प्युटरच्या क्लासला घालायचे आहे. त्याने कोणती ‘भाषा’ शिकावी? एक क्लासवाला म्हणतो जावा, दुसरा म्हणतो पायथनशिवाय आता गत्यंतर नाही, तिसरा म्हणतो आधी सी. फी प्रत्येकाची वेगळी, आणि ती भरणारा बाप रात्रपाळीला माग चालवणारा किंवा हातगाडीवर कटपीस विकणारा. चुकीच्या क्लासची फी म्हणजे त्याच्या घरातला दोन-तीन महिन्यांचा किराणा. दुसरीकडे आमचे काही व्यापारी बंधू हिशेब आणि मालाचा साठा ठेवण्यासाठी खास आपल्या दुकानापुरता प्रोग्राम बनवून घेतात. खरे तर त्यांनाही हाच प्रश्न पडायला हवा. तो बहुधा पडत नाही, आणि पुढे महागात जातो.

आम्ही इंजिनिअर नव्हे. आमची तालीम उर्दू माध्यमाच्या शाळेत झाली आणि उमर कापडाच्या सौद्यात गेली. परंतु कोणता माल उठतो आणि कोणता गोदामात पडून राहतो, एवढे तीस वर्षांत पाहिले आहे. संगणकाच्या भाषांची हकीकत वाचू लागलो तेव्हा दिसले की तिथेही उत्तम माल पडून राहिला आहे आणि साधा माल हातोहात गेला आहे. इंजिनिअरला विचारले तर तो भाषेचे गुणदोष सांगतो. गिऱ्हाईक मात्र नुसत्या गुणांवर माल घेत नाही.

मुळात संगणकाची भाषा म्हणजे काय, हे आमच्या विणकर भाईंना समजावणे सर्वांत सोपे. जेकार्ड आठवा. पुठ्ठ्यात भोक असेल तर सुई आत जाते आणि तो धागा उचलला जातो. भोक नसेल तर धागा खाली राहतो. फ्रान्समधील लिओं शहराच्या जाकार याने १८०४ च्या सुमारास ही युक्ती मागावर बसवली. पुढे हर्मन हॉलेरिथने भोकांचीच पत्रे वापरून अमेरिकेची १८९० ची जनगणना मोजून दिली आणि त्याच्या धंद्यातून आयबीएम कंपनी उभी राहिली. आजच्या संगणकालाही शेवटी ‘भोक आहे’ किंवा ‘भोक नाही’ एवढेच कळते. पण माणसाने हिशेबाचा सगळा प्रोग्राम भोकाभोकाने लिहायचा म्हटले तर उमर जाईल. म्हणून माणसाला वाचता येईल अशा शब्दांत हुकूम लिहायचे आणि त्यांचा यंत्राच्या बोलीत तर्जुमा करणारा एक प्रोग्राम ठेवायचा, ज्याला कंपायलर म्हणतात. ते हुकूम लिहिण्याची रीत म्हणजे संगणकाची भाषा. अशा हजारो भाषा आजवर बनल्या. ज्यांवर लोकांची चूल पेटते त्या मात्र थोड्याच.

त्यांत सर्वांत बोधक गोष्ट दोन भाषांची आहे. गिऱ्हाईक एकच, अमेरिकेचे संरक्षण खाते, परिणाम उलटसुलट.

१९५९ साली या खात्याकडे २२५ संगणक होते आणि आणखी १७५ ची ऑर्डर दिलेली होती. अडचण अशी की प्रत्येक कंपनीच्या यंत्राची बोली निराळी. एका यंत्रासाठी लिहिलेले काम दुसऱ्यावर चालेना; यंत्र बदलले की सगळे लिखाण पुन्हा. त्या वर्षीच्या मे महिन्यात खात्याच्या मुख्यालयात, म्हणजे पेंटागॉनमध्ये, कंपन्यांची आणि मोठ्या ग्राहकांची बैठक झाली आणि तिथून कोबोल या भाषेचा जन्म झाला. तिचा पाया ग्रेस हॉपर या गणिती बाईंनी आधी बनवलेल्या फ्लो-मॅटिक भाषेचा होता. हुकूम साध्या इंग्रजी शब्दांत, जेणेकरून मुनीमालाही अंदाजाने वाचता यावेत. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल प्रोग्राम दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखवण्यात आला. त्याच सुमारास सरकारने जाहीर केले की ज्या यंत्रावर कोबोल नाही ते यंत्र, सबळ कारण दाखवल्याशिवाय, सरकार विकतही घेणार नाही आणि भाड्यानेही घेणार नाही. झाले. एवढा मोठा गिऱ्हाईक कोण सोडतो? कंपन्यांनी मुकाट्याने कोबोल बसवली.

विद्वानांना ही भाषा कधीच पसंत पडली नाही. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९७५ मध्ये लिहिले की ती शिकवणे हा गुन्हा मानावा. पण बँका आणि विमा कंपन्यांना विद्वानांची दाद नको होती. त्यांना पगार, व्याज आणि हप्ते बिनचूक निघायला हवे होते, आणि उद्या यंत्र बदलले तरी लिहिलेले काम फुकट जायला नको होते.

आता दुसरी भाषा पाहा. १९७० च्या दशकात त्याच संरक्षण खात्याने पाहिले की त्याच्या निरनिराळ्या कामांत साडेचारशेच्या वर भाषा वापरल्या जात आहेत. पुन्हा एकच भाषा आणायचे ठरले. या वेळी काम अगदी पद्धतशीर झाले. गरजांची यादी बनली, चार कंपन्यांकडून नमुने मागवले गेले आणि १९७९ मध्ये फ्रान्सच्या झां इश्बिया यांच्या टोळीचा नमुना पसंत झाला. तिला एडा हे नाव दिले गेले. एडा लव्हलेस ही एकोणिसाव्या शतकातील इंग्रज बाई. चार्ल्स बॅबेज यांच्या नियोजित गणकयंत्राविषयी लिहिताना तिने जेकार्डच्या मागाचीच उपमा दिली होती. आमच्या धंद्याचा असा मान इंजिनिअरांच्या पुस्तकांत क्वचितच सापडतो. असो. जाणकार आजही सांगतात की एडा ही विचारपूर्वक बनवलेली, चुका वेळीच पकडणारी भाषा आहे. खात्याने तिची सक्ती केली, १९९१ मध्ये त्यासाठी कायद्याचा आधारही आला. तरीही १९९७ मध्ये सक्ती मागे घ्यावी लागली. विमाने आणि रेल्वेच्या सिग्नल यंत्रणा अशा जिवाच्या जोखमीच्या कामांत ती टिकली. आम बाजारात तिला कोणी विचारले नाही.

हुकूम तोच, खाते तेच, माल पहिल्यापेक्षा सरस. मग असे का झाले? आमच्या समजुतीप्रमाणे १९६० मध्ये ते खाते बाजारातले सर्वांत मोठे गिऱ्हाईक होते. १९८० नंतर संगणक टेबलावर आले, दुकानांत आणि शाळांत गेले, आणि सरकार हे अनेकांतले एक गिऱ्हाईक उरले. त्यात एडाचे कंपायलर सुरुवातीला महाग आणि संथ. याच काळात शेजारच्या दुकानात सी नावाची भाषा जवळजवळ फुकट मिळत होती.

सी ही डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बनवली. तिच्यात युनिक्स नावाची यंत्रणा लिहिली गेली. प्रयोगशाळेची मालक टेलिफोन कंपनी १९५६ च्या एका सरकारी समझोत्यामुळे टेलिफोनशिवाय दुसरा धंदा करू शकत नव्हती. त्यामुळे युनिक्स विद्यापीठांना नाममात्र रकमेत दिले गेले, आणि सोबत सी आपोआप गेली. विद्यार्थी तिच्यावर शिकले, नोकरीला लागले आणि जिथे गेले तिथे तीच मागू लागले. कंपनीने हा डाव ठरवून खेळलेला नव्हता. कायद्याने हात बांधले होते म्हणून माल वाटला गेला.

किमतीचा दुसरा दाखला पास्कल या भाषेचा. स्वित्झर्लंडच्या निकलाउस विर्थ यांनी ती शिकवण्यासाठी बनवली, आणि १९८३ पर्यंत तिचे चांगले कंपायलर शेकडो डॉलरला मिळत. त्या वर्षी बोरलँड नावाच्या नव्या कंपनीने टर्बो पास्कल ४९.९५ डॉलरला टपालाने विकायला काढले. कॉलेजच्या पोरांनी ते उचलून धरले. याउलट स्मॉलटॉक ही झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत जन्मलेली भाषा, जिच्यातून पुढच्या कित्येक भाषांनी कल्पना उचलल्या. परवाने महाग राहिले, आणि १९९५ मध्ये सन कंपनीने जावा फुकट वाटायला सुरुवात केल्यावर स्मॉलटॉकचा बाजार बसला. जावा बनवणाऱ्यांनी आणखी एक हुशारी केली. तिचे लिखाण दिसायला सी सारखे ठेवले. ज्याचा हात सी वर बसला आहे त्याला परके वाटू नये, हा हेतू. कारागिराचा हात ज्या हत्याराला सरावलेला असतो ते बदलायला तो सहसा राजी नसतो. नव्या हत्याराची मूठ तरी जुन्यासारखी हवी.

सवय मोडण्याची किंमत किती पडते, हे आमच्या धंद्याला ठाऊक आहे. १९५६ मध्ये वजनमापांचा कायदा झाला, कापड मीटरवर आले. पण साडी आजही नऊवारीच म्हणवते. संगणकाच्या भाषांतही असे दोन प्रसंग घडले. पायथनच्या मंडळींनी डिसेंबर २००८ मध्ये नवी आवृत्ती काढली, जिच्यात जुने प्रोग्राम जसेच्या तसे चालत नव्हते. त्यांनी जुनी आवृत्तीही सांभाळली आणि तिचे दार बंद केले ते थेट १ जानेवारी २०२० ला. अकरा वर्षांची मुदत दिली, तेव्हा कुठे लोक हलले. पर्ल ही त्याहून जुनी आणि एके काळी अधिक चालणारी भाषा. तिची सहावी आवृत्ती मुळापासून नवी करायचे २००० मध्ये जाहीर झाले, आणि ती प्रत्यक्ष आली डिसेंबर २०१५ मध्ये. पंधरा वर्षे ‘नवा माल येतोय’ असा फलक लावून बसलेल्या दुकानाचे जे होते तेच झाले. २०१९ मध्ये तिचे नावही बदलून राकू ठेवावे लागले.

जागेचेही महत्त्व आहे. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीसाठी एक छोटी भाषा दहा दिवसांत उभी केली. तिला जावास्क्रिप्ट म्हणतात. जावाशी तिचे नाते नावापुरतेच, तेव्हा जावाचा बोलबाला होता म्हणून ते नाव घेतले. घाईत बनलेली, खोडी पुष्कळ. पण इंटरनेटची पाने दाखवणाऱ्या ब्राउझरमध्ये ती आधीपासून बसवलेली होती, आणि ब्राउझर प्रत्येकाच्या संगणकात. म्हणजे चौकातला गाळाच मिळाला. गूगलने २०११ मध्ये तिच्या जागी डार्ट ही भाषा आणायचा प्रयत्न केला. गूगलसारखी मालदार कंपनी, स्वतःचा ब्राउझर, तरी दुसऱ्या ब्राउझरवाल्यांनी तिला जागा दिली नाही आणि २०१५ मध्ये गूगलने तो नाद सोडला. पुढे मोबाइलचे ॲप बनवण्याच्या फ्लटर या सामानासोबत डार्टला नवे गिऱ्हाईक मिळाले, ते वेगळ्याच दारातून.

पायथनचे आजचे तेज कुठून आले? गिडो व्हॅन रॉसम यांनी ती १९९१ मध्ये लोकांपुढे ठेवली. चालीला ती सी पेक्षा फार मंद आहे, हे तिचे चाहतेही मान्य करतात. पण तिच्यातून सी आणि फोर्ट्रानमध्ये आधी लिहिलेली वेगवान कामे बोलावता येतात. २००६ मध्ये नमपाय नावाचा गणिताचा संच आला, शास्त्रज्ञ मंडळी तिच्याकडे वळली, आणि पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेची हत्यारे याच भाषेभोवती जमली. स्वतःचा एक माग नाही, पण गावातल्या प्रत्येक मागाचा माल आपल्या गादीवर मिळतो, अशा व्यापाऱ्यासारखी तिची गत आहे. २०१३ मध्ये लिओ मेयरोविच आणि एरियल रॅबकिन या दोन अमेरिकन अभ्यासकांनी प्रोग्रामरांकडून माहिती गोळा करून हेच दाखवले. भाषा निवडताना माणसे पाहतात ती तयार मालाची उपलब्धता, आधी लिहून ठेवलेले काम आणि स्वतःचा व सोबत्यांचा हात कशावर बसला आहे ते. भाषेच्या अंगच्या गुणांचा नंबर त्यानंतर लागतो.

इथवर परदेशाच्या गोष्टी झाल्या. आता आमच्या बाजारात काय झाले ते पाहू, कारण नुकसान इथे झाले आहे.

१९९० च्या दशकात व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर जे प्रोग्राम बनले त्यांतले पुष्कळ फॉक्सप्रोमध्ये होते. ती इतकी का पसरली? तिच्या आधी डीबेस चालत होती, आणि फॉक्सने डीबेसचेच प्रोग्राम व डीबेसच्याच खात्यांच्या फायली अधिक वेगाने चालवून दाखवल्या. जुने फेकावे लागले नाही. शिवाय तिच्या नकला फ्लॉपीवरून फ्लॉपीवर फिरत. हे काही इमानदारीचे काम नव्हते, पण घडले ते असे. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने फॉक्स कंपनी विकत घेतली. २००४ च्या अखेरीस शेवटची नववी आवृत्ती आली, मार्च २००७ मध्ये पुढची आवृत्ती निघणार नाही असे जाहीर झाले आणि जानेवारी २०१५ मध्ये उरलासुरला आधारही संपला. भाषेला मालक एकच होता, त्याने दुकान बंद केले.

आमच्या ओळखीच्या एका ठोक व्यापाऱ्याच्या पेढीवर असाच एक फॉक्सप्रोचा प्रोग्राम वीस वर्षे बिनबोभाट चालला. ग्रे कापडाची आवक, प्रोसेसला गेलेले ताके, दलालाची दलाली, पार्टीची उधारी, सगळे त्यात. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. कापडावर कर, बिलावर एचएसएन कोड, केंद्राचा आणि राज्याचा हिस्सा वेगळा दाखवायचा. प्रोग्राममध्ये फेरफार हवा होता. ज्या मुलाने तो लिहिला तो कधीच आखातात गेला होता. त्याचे मूळ लिखाण पेढीवर कोणाकडे नव्हते, फक्त चालणारी फाइल होती. म्हणजे कापड हाती आहे, पण डिझाइनचे पुठ्ठे नाहीत. दुसरा फॉक्सप्रोवाला शोधला तर नव्या पोरांनी नावही ऐकलेले नाही. नवा संगणक आणला तर त्यावर जुना डॉसचा प्रोग्राम उघडेचना, कारण ६४ बिटच्या विंडोजवर तसले प्रोग्राम सरळ चालत नाहीत. मेहताजींनी चार महिने हाताने बिले लिहिली आणि दोन मोठ्या पार्ट्यांची वसुली त्या गोंधळात लांबली. बरे एवढेच की खात्यांच्या डीबीएफ फायली एक्सेलमध्ये उघडल्या आणि उधारीचा आकडा तरी हाती लागला.

अगदी लहान भाषेवरही रोजी चालते, हे मात्र विसरू नये. टॅली प्रोग्राम आपल्यापैकी बहुतेकांच्या दुकानात आहे. श्यामसुंदर गोयंका हे कारखान्यांना आणि कापड गिरण्यांना सामान पुरवत. मनासारखा हिशेबाचा प्रोग्राम मिळेना म्हणून त्यांनी मुलगा भरत याच्याकडून तो बनवून घेतला. कंपनी १९८६ ची. टॅलीत फेरफार करण्यासाठी टीडीएल नावाची तिची स्वतःची भाषा आहे. विद्यापीठात तिचे नाव कोणी घेत नाही, पण टॅली दुकानोदुकानी असल्यामुळे ती जाणणारा रिकामा बसत नाही. तिचाही मालक एकच, ही गोष्ट मुलाने ध्यानात ठेवावी.

कोबोलचेही तसेच. २००० साल उजाडण्यापूर्वी तारखांचे दोन आकडे दुरुस्त करण्यासाठी जगभर माणसे हवी होती, तेव्हा तीच ‘म्हातारी’ भाषा शिकून आपल्याकडची पुष्कळ मुले परदेशी कामाला लागली. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या दिवसांत, अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरनी कोबोल जाणणारे स्वयंसेवक हवेत असे जाहीरपणे सांगितले. बेकारांचे अर्ज सांभाळणारी यंत्रणा जुनी होती आणि अर्जांचा पूर आला होता.

तेव्हा व्यापारी बंधूंना आमची विनंती अशी की प्रोग्राम बनवून घेताना भाषेचे नाव विचाराच, पण सोबत हेही विचारा की हा माणूस गेला तर हेच काम जाणणारे आपल्या गावात आणखी किती आहेत. मागाची निवड करताना आपण फिटर आणि सुटे भाग आधी पाहतो, तसेच हे. मूळ लिखाण, ज्याला सोर्स कोड म्हणतात, आपल्या ताब्यात देण्याची अट स्टॅम्प पेपरवर घ्यावी आणि शेवटचा हप्ता ते मिळाल्यावरच द्यावा. खाती कधीही एक्सेलमध्ये काढता आली पाहिजेत, हेही त्यात असावे.

पालकांना सांगायचे तर पहिल्या भाषेवर फार डोके शिणवू नये. एकीवर हात बसला की दुसरी शिकायला वेळ कमी लागतो. उर्दू शाळेतून येऊन मराठीत बिले लिहिणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. आता तर सांगितल्यावर यंत्रच प्रोग्राम लिहून देऊ लागले आहे. ते लोकांनी आधी लिहिलेल्या प्रोग्रामांवरच शिकलेले असल्याने खूप चालणाऱ्या भाषांत त्याचा हात जास्त सफाईने चालतो. लिहिलेले बरोबर आहे की नाही हे ओळखणारा माणूस अजून लागतोच. मुलगा पायथन किंवा जावास्क्रिप्टपासून सुरू झाला तर खर्च कमी, कारण दोन्ही फुकट मिळतात आणि साध्या संगणकावर चालतात. फी भरण्यापूर्वी मात्र क्लासवाल्याकडून गेल्या वर्षी कामाला लागलेल्या दोन मुलांचे फोन नंबर मागावेत, आणि त्यांना विचारावे की बाबा रे, तू रोज ऑफिसात कोणती भाषा लिहितोस.